अमूर्त चित्राची फ्रेम केलेली प्रिंट घेताय? आधी मोजायची टेप काढा

चित्र मोबाइलवर आवडतं, रात्री अकराला ऑर्डर जाते, आठवड्याभरात पार्सल येतं आणि मग घरात खिळ्याची शोधाशोध सुरू होते. सापडतो तो गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा. चित्र तिथेच लागतं. मग कुणी म्हणतं फारच लहान दिसतंय, कुणी म्हणतं ट्यूबलाइटच दिसते, आणि पाहुणे विचारतात, "हे उलटं तर नाही ना लागलं?"

यात चित्राचा दोष क्वचितच असतो. चुकतो तो क्रम. आधी भिंत, मग माप, मग चित्र, मग कागद-शाई, मग फ्रेम आणि पैसे सगळ्यांत शेवटी. आपल्याकडे बहुतेक खरेदी नेमकी उलटीकडून होते. अमूर्त चित्रात तर चूक लपूनही राहते. माणसाचा चेहरा कापला गेला तर लगेच कळतं. लाल चौकोनाची एक बाजू इंचभर कापली गेली तर वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

खाली टप्पे दिलेत तसेच, त्याच क्रमानं जा.

## टप्पा १: भिंत ठरवा

सोलापूरच्या घरात सगळ्या भिंती चित्राच्या कामाच्या नसतात. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो तेव्हा वरच्या मजल्याची पश्चिमेकडची भिंत संध्याकाळी तव्यासारखी तापलेली असते. त्या भिंतीवर कागद, माउंट (चित्राभोवतीची, मधोमध खिडकी कापलेली जाड पुठ्ठ्याची चौकट), लाकूड सगळं रोज तापतं आणि निवतं. कागद लाटांसारखा फुगतो, फ्रेमचे कोपरे उघडतात.

या जागा सरळ बाद करा:

- दिवसात कधीही थेट ऊन पडणारी भिंत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि ऊन घरात खोलवर येतं, हे विसरू नका.
- कूलरच्या झोतासमोरची भिंत. हे आपल्याकडचं खास दुखणं. मार्च ते जून चार महिने ओलसर वारा थेट फ्रेमच्या मागे शिरतो आणि बुरशी धरते.
- बाथरूमला लागून असलेली किंवा पावसाळ्यात ओल येणारी भिंत. गिलावा नवा असेल तर तो पूर्ण वाळेपर्यंत थांबा.
- देवघराच्या वरची आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळची जागा. उदबत्तीचा धूर आणि फोडणीची वाफ, दोन्ही काचेवर चिकट थर धरतात.
- मोठ्या खिडकीच्या बरोबर समोरची जागा. काच लावल्यावर तिथे चित्राऐवजी खिडकी दिसेल.

तपासणी: दुपारी चारच्या सुमारास भिंतीला तळहात लावा. हात ठेवावासा वाटत नसेल तर दुसरी भिंत बघा. मग रात्री दिवे लावून, जिथे फ्रेम येणार तिथे घरातला आरसा कुणाला तरी धरायला सांगा आणि नेहमीच्या जागेवर बसा. आरशात ट्यूब दिसली तर काचेतही दिसणार.

भिंत कशाची आहे तेही आत्ताच बघून ठेवा. जुन्या पेठांतल्या मातीच्या जाड भिंतीत साधा खिळा धरत नाही, आणि नव्या फ्लॅटमध्ये स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली वायरिंग गेलेलं असण्याची शक्यता मोठी.

## टप्पा २: माप, तेही तीन

सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो. विक्रेता "१६ बाय २४" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात एक माप असतं आणि तुमच्या मनात दुसरं. मापं तीन असतात:

१. चित्राचं माप, म्हणजे प्रत्यक्ष छापलेला भाग.
२. कागदाचं माप, म्हणजे भोवतीची कोरी किनार धरून.
३. फ्रेमचं बाहेरचं माप. भिंतीवर जागा खातं ते हे.

एक हिशेब करून बघू. छापलेलं चित्र १६ × २४ इंच. भोवती अर्धा इंच कोरा कागद दिसू द्यायचा, म्हणजे माउंटची खिडकी १७ × २५. माउंट चारही बाजूंनी ३ इंच, म्हणजे २३ × ३१. फ्रेमची पट्टी १ इंच रुंद. त्यातला पाव इंच माउंटवर चढतो, म्हणून प्रत्येक बाजूला पाऊण इंचच वाढतो. बाहेरचं माप झालं २४.५ × ३२.५ इंच. "१६ बाय २४" म्हणून जे मनात धरलं होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट क्षेत्रफळ. त्यामुळे कुणी नुसतं माप सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा: "हे चित्राचं की फ्रेमच्या बाहेरचं?"

आता भिंतीच्या बाजूनं. खाली सोफा, दिवाण किंवा शोकेस असेल तर त्याच्या रुंदीच्या दोन तृतीयांश ते पाऊण इतकी फ्रेम शोभते. चार फुटी शोकेसवर ३२ ते ३६ इंच, म्हणजे वरच्या हिशेबातली फ्रेम आडवी बरोबर बसते. सहा फुटी सोफ्यावर मात्र ४८ ते ५४ इंच रुंदी लागते. एवढी मोठी प्रिंट झेपत नसेल तर दोन फ्रेम शेजारी-शेजारी लावा, पण सहा फुटी सोफ्यावर वहीएवढं चित्र टांगू नका. अमूर्त चित्राला अंगानं मोठं असण्याची गरज इतर चित्रांपेक्षा जास्त असते, असं माझं मत आहे. लहान झालं की ते कापडाच्या नमुन्यासारखं दिसायला लागतं.

तपासणी: वर्तमानपत्राची पानं जोडून बाहेरच्या मापाचा आयत कापा आणि कागदी चिकटपट्टीनं भिंतीवर लावा. चार-पाच दिवस तसाच राहू द्या. उभं राहून नव्हे, रोजच्या जागेवर बसून बघा. घरच्यांना लहान-मोठं काय वाटतं ते याच काळात बाहेर येतं, आणि तेव्हा फुकटात दुरुस्त होतं.

## टप्पा ३: चित्र निवडताना तीन गोष्टी पडताळा

चित्र कुठलं आवडावं यात मी पडत नाही. पण आवडलं की लगेच हे बघा.

मूळ चित्राचं प्रमाण. मूळ चित्र किती बाय किती आहे ते संग्रहालयाच्या किंवा चित्रकाराच्या माहितीत मिळतं. उदाहरणार्थ, रशियन चित्रकार कांडिन्स्कीचं १९२३ मधलं 'कॉम्पोझिशन ८' सुमारे १४० × २०१ सेंमी आहे, म्हणजे रुंदी उंचीच्या साधारण १.४४ पट. बाजारात त्याची प्रिंट २४ × ३६ इंचात विकायला असेल, तर ते प्रमाण दीडपट झालं. म्हणजे एक तर वरून-खालून मिळून इंचभर चित्र कापलंय किंवा ते ताणलंय. ताणलं असेल तर त्यातली वर्तुळं अंडाकृती होतात. २४ इंच उंचीला रुंदी साडेचौतीसच्या आसपास यायला हवी. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एक भागाकार केला की झालं.

"आमच्याकडे स्टँडर्ड साइजच येतात" असं उत्तर मिळालं तर पर्याय विचारा: पूर्ण चित्र छापून उरलेली जागा कोरी सोडता येते का? जवळजवळ नेहमीच येते. फक्त कुणी विचारत नाही.

वरची बाजू कोणती. हसू नका. डच चित्रकार माँड्रियानचं १९४१ मधलं 'न्यूयॉर्क सिटी १' हे चित्र अनेक दशकं उलटं लागलेलं असावं, असं २०२२ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयाच्या अभ्यासकांनीच सांगितलं. तिथे ही गत, तर फ्रेमच्या दुकानात काय होईल? सही कुठल्या कोपऱ्यात आहे ते बघा, पण सहीवर एकट्यावर भिस्त ठेवू नका; काही चित्रकार मागे सही करतात. विक्रेत्याकडून चित्राचा नीट दिशेतला फोटो घ्या आणि प्रिंट हातात आली की कागदाच्या मागे, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीनं हलका बाण काढा. बॉलपेननं नको, दाब पुढे उमटतो.

छापण्याचा हक्क. भारतात चित्रावरचा कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं असतो. चित्रकार पाउल क्ले १९४० मध्ये गेले, कांडिन्स्की आणि माँड्रियान १९४४ मध्ये. त्यांची चित्रं आपल्याकडे कुणीही छापू शकतो. पण नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे २००१ मध्ये गेले, म्हणजे हक्क २०६१ अखेरपर्यंत. चित्रकार सय्यद हैदर रझा २०१६ मध्ये गेले, म्हणजे २०७६ अखेरपर्यंत. बाजारात स्वस्तातली 'रझा स्टाइल बिंदू' प्रिंट दिसली तर एवढंच विचारा: परवानगी कुणाची आहे, आणि ती लेखी दाखवता का? हयात चित्रकाराची प्रिंट घेत असाल तर शक्यतो त्याच्याकडूनच किंवा त्यानं नेमलेल्या गॅलरीकडून घ्या.

सावधान: प्रिंट विकत घेतली म्हणजे चित्राचा हक्क मिळाला असं नाही. ते चित्र दुकानाच्या पिशवीवर किंवा लग्नपत्रिकेवर छापता येणार नाही.

## टप्पा ४: 'फाइन आर्ट' म्हणजे नेमकं काय, ते वदवून घ्या

'म्युझियम क्वालिटी', 'प्रीमियम', 'एचडी' हे शब्द कुणीही वापरू शकतं. त्यांना बाजूला सारून चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. व्हॉट्सॲपवर चालतील.

शाई पिगमेंट की डाय? पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म कण असतात, ते उजेडाला जास्त टिकतात. डाय म्हणजे विरघळलेला रंग; दिसतो झकास, पण लवकर फिका पडतो. फाइन आर्ट प्रिंट म्हणून पैसे मोजणार असाल तर पिगमेंटच हवी. 'जिक्ले' हा शब्द ऐकायला मिळेल. त्याचा अर्थ इंकजेटवर छापलेली कलाप्रिंट इतकाच. त्या शब्दावर जाऊ नका, शाई विचारा.

कागद कसला, किती जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन)? उत्तम म्हणजे १०० टक्के कॉटन रॅग, म्हणजे कापसाच्या तंतूंचा, आम्लमुक्त (आम्ल नसलेला, म्हणून लवकर पिवळा न पडणारा), ३०० जीएसएमच्या आसपास. 'हानेम्यूले फोटो रॅग ३०८' हे नाव बरेच छापणारे सांगतात. त्यातला ३०८ म्हणजे जीएसएम. लाकडाच्या लगद्याचा, पण आम्लमुक्त असलेला अल्फा-सेल्युलोज कागद त्याखालोखाल. कागद झगझगीत निळसर पांढरा असेल तर त्यात चकाकी आणणारी रसायनं असतात. त्यांचा प्रभाव ओसरला की कागद पिवळट दिसू लागतो. नोटा तपासायचा अल्ट्राव्हायोलेट दिवा असेल तर त्याखाली धरून बघा. असा कागद निळा चमकतो.

फाइल किती पिक्सेलची आहे? जवळून बघायच्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल, लांबून बघायच्या मोठ्या प्रिंटला १५० पर्यंत चालतात. २४ इंच बाजूला म्हणजे ७२०० किंवा कमीत कमी ३६००. इंटरनेटवरून उतरवलेलं १२०० पिक्सेलचं चित्र २४ इंचांवर ताणलं तर इंचाला ५० पिक्सेल उरतात. माँड्रियानच्या सरळ काळ्या रेघांना तेव्हा दाते पडलेले दिसतात. आणि गायतोंड्यांसारख्या, एका रंगातून दुसऱ्यात हळूच मिसळत जाणाऱ्या चित्रात पट्टे-पट्टे उमटतात. हा दोष फोनवर दिसत नाही, भिंतीवर दिसतो.

आवृत्ती मर्यादित की खुली? खुल्या आवृत्तीत हवा तितक्या वेळा छापतात. त्यात गैर काही नाही, फक्त किंमत त्या हिशेबानं असावी. मर्यादित आवृत्तीवर '१२/५०' असा आकडा आणि सही बहुधा पेन्सिलीनं, चित्राखालच्या कोऱ्या पट्टीत असते. त्याचा अर्थ पन्नासांतली बारावी. इथे एक खोच आहे: तेच चित्र वेगळ्या आकारात आणखी पन्नास छापलंय का, ते विचारा.

सावधान: आपल्या शहरात फ्लेक्स छापणाऱ्यांना तोटा नाही, चौकाचौकांत पुरावा लटकतोय. त्यांच्यातले काही जण त्याच मशिनवर 'कॅनव्हास प्रिंट'ही काढून देतात. हॉटेलच्या भिंतीला ते चालेल. पण तो माल वेगळा, आणि फाइन आर्टच्या दरानं तो घेऊ नये.

तपासणी: नमुना मिळाला तर मोबाइलचा मॅक्रो कॅमेरा किंवा भिंग लावा. रांगेत बसलेल्या ठिपक्यांची फुलं दिसली तर ती छापखान्यातल्या ऑफसेट मशिनवर छापलेली, म्हणजे पोस्टर. बारीक विस्कटलेले तुषार दिसले तर इंकजेट. ठिपकेच नसून रंगाचा सलग थर दिसला तर सिल्कस्क्रीन (जाळीतून रंग दाबून केलेली छपाई) असण्याची शक्यता.

## टप्पा ५: रंगाचा नमुना मागवा

फोनचा पडदा स्वतः उजेड देतो, कागद देत नाही. म्हणून प्रिंट नेहमीच थोडी गडद वाटते. फोनमधला नाइट मोड बंद करून, उजेड निम्म्यावर आणून चित्र बघा, म्हणजे अंदाज जवळपास येईल.

खरा उपाय नमुना. चित्रातला सगळ्यांत गडद आणि सगळ्यांत फिका भाग येईल अशी एक पट्टी त्याच कागदावर छापून मागा. बरेच जण थोडे पैसे घेऊन देतात आणि नंतर बिलातून वजाही करतात. ती पट्टी ठरवलेल्या भिंतीवर लावून सकाळी बघा, रात्री बघा. पांढऱ्या ट्यूबखाली लाल-पिवळे मरगळतात, पिवळ्या दिव्याखाली निळे मळतात. अमूर्त चित्रात सगळा जीव रंगातच असतो, त्यामुळे इथे घाई केली तर पुढच्या टप्प्यांना अर्थ नाही.

## टप्पा ६: फ्रेमसकट मागवायची की इथे करायची?

फ्रेमसकट मागवली तर सगळी जबाबदारी एका विक्रेत्यावर राहते, पण काच प्रवासात फुटण्याची भीती. म्हणून ऑनलाइन फ्रेमसकट घेताना काचेऐवजी ॲक्रिलिक (काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक) निवडा. नुसती प्रिंट ट्यूबमधून सुखरूप येते, फ्रेम डोळ्यांसमोर होते, पण काम करून घ्यायची डोकेदुखी आपली.

पुण्या-मुंबईला जाऊन प्रत्यक्ष बघून घेणार असाल तर नुसती प्रिंटच आणा. सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या बर्थवर ट्यूब आडवी मावते. अडीच बाय तीन फुटांची काचेची फ्रेम घेऊन गर्दीत चढून बघा म्हणजे कळेल.

ट्यूबमधून आलेली प्रिंट स्वच्छ कापडावर, छापील बाजू वर ठेवून एक दिवस पसरू द्या. कडांवर पुस्तकं ठेवा, मध्ये नको. सरळ व्हावी म्हणून उलटी गुंडाळू नका. शाईला तडे जातात. हात धुऊन, वाळवून, प्रिंट दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांना धरूनच उचला.

## टप्पा ७: फ्रेमवाल्याकडे

आपल्याकडच्या फ्रेमवाल्यांचा हात चांगला चालतो, पण त्यांचं रोजचं काम म्हणजे देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, प्रमाणपत्रं. त्या कामाच्या सवयी कलाप्रिंटला मारक ठरतात. त्यामुळे तुम्ही काही बोलला नाहीत तर पुढचं असं होईल: प्रिंटला मॅट लॅमिनेशन, मागे फेविकॉल, एमडीएफवर (लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या फळीवर) चिकटवून कडा कापलेल्या, "काच लागत नाही सर, पुसलं की झालं." त्यानंतर ती प्रिंट परत सुटी होत नाही. पेन्सिलीची सही कापली गेली तर तीही गेली.

म्हणून दुकानात पहिलं वाक्य हे: लॅमिनेशन नको, चिकटवायचं नाही, कापायचं नाही. मग बाकीचं.

माउंट. आम्लमुक्त मागा. साध्या माउंटबोर्डची खिडकीची कापलेली कड काही वर्षांत तपकिरी होते आणि तोच डाग प्रिंटवर उतरतो. रुंदी मध्यम फ्रेमला अडीच-तीन इंच तरी हवी. माउंट आणि पट्टी एकाच रुंदीची झाली की चित्राभोवती शर्यतीच्या मैदानासारखे पट्टे दिसतात. रंग निवडताना माउंटचा तुकडा प्रिंटच्या कोऱ्या किनारीशेजारी ठेवून बघा. कॉटनचा कागद दुधाळ पांढरा असतो. शेजारी चुन्यासारखा पांढरा माउंट आला की चांगला कागद मळका दिसायला लागतो. रंगीत माउंटचा मोह टाळा. चित्रकारानं रंग ठरवून झालेत.

प्रिंट धरून ठेवायची कशी. वरच्या कडेला फक्त दोन ठिकाणी कागदी बिजागऱ्या, बाकी कागद मोकळा लटकता. हवेतला ओलावा बदलला की कागद वाढतो-आकसतो. चारही बाजू चिकटवल्या तर त्याला फुगण्याशिवाय वाट राहत नाही. बिजागरी पातळ जपानी कागदाची आणि डकवायला गव्हाची खळ, हा जुना आणि उलटवता येणारा उपाय. सुताला खळ द्यायची माहिती असलेल्या आपल्या गावात हे समजावून सांगायला फार वेळ लागू नये. जपानी कागद नसेल तर आम्लमुक्त कागदी टेप चालेल. सेलोटेप आणि तपकिरी पॅकिंग टेप प्रिंटला कुठेच लागता कामा नये. उन्हाळ्यात त्यांचा गोंद पाझरतो.

काच. प्रिंट काचेला टेकता कामा नये. माउंटमुळे आपोआप अंतर राहतं. माउंट नको असेल तर कडेनं स्पेसर (काच आणि प्रिंटमध्ये अंतर ठेवणारी बारीक पट्टी) घालायला सांगा. टेकली तर कूलर आणि पावसाळ्याच्या दमट दिवसांत शाई काचेला चिकटते. आपल्या २३ × ३१ इंचांच्या मापाला २ मिमी साध्या काचेचं वजन सव्वादोन किलोच्या आसपास होतं, तेवढ्याच जाडीच्या ॲक्रिलिकचं एक किलोहून थोडं जास्त. ॲक्रिलिक फुटत नाही, पण ओरखडे पडतात आणि धूळ ओढतं. 'नॉन-ग्लेअर' म्हणून मिळणारी खरखरीत काच आधी माउंटसकट प्रिंटवर धरून बघा. चित्रापासून जरा लांब गेली की ती सगळं धुक्यात नेते. परावर्तन मारणारी कोटिंगवाली स्वच्छ काच वेगळी आणि बरीच महाग. पुण्याहून मागवावी लागली तरी मोठ्या गडद चित्राला ती शोभते. अल्ट्राव्हायोलेट अडवणारी काच घेतली म्हणून उन्हातली भिंत चालेल असं समजू नका. साध्या उजेडानंही रंग उतरतात.

पाठ. एमडीएफ किंवा हार्डबोर्ड आम्लधर्मी असतो. तो ठेवायचा असेल तर प्रिंट आणि त्याच्यामध्ये आम्लमुक्त बोर्ड घाला. पाठीची फट कागदी टेपनं पूर्ण बंद करून घ्या. आपल्या धुळीला केसाएवढी फटही पुरते, आणि कसर तिथूनच शिरते.

पट्टी. सिंथेटिक पट्टीला वाळवी लागत नाही, ओलीनं ती वाकत नाही. सागवानी पट्टी दिसायला उजवी, पण लाकूड मुरलेलं हवं. अमूर्त चित्राला सोनेरी नक्षीची पट्टी बहुतेक वेळा भांडते. साधी काळी, पांढरी किंवा लाकडाच्या रंगाची घ्या.

दर. पट्टीचा दर रनिंग फुटानं लागतो, काचेचा चौरस फुटानं. आपल्या मापाला बाहेरचा घेर ११४ इंच, म्हणजे साडेनऊ फूट. कापण्यातली घट धरून साडेदहा. काच पाच चौरस फूट. हा हिशेब करूनच दुकानात जा. बिलावर माप, माउंट, काच, पाठ असं एकेक लिहून घ्या, निम्मे पैसे आगाऊ आणि निम्मे माल बघून.

सावधान: गणपती ते दिवाळी आणि लग्नसराईत फ्रेमच्या दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. असलं नाजूक काम त्या काळात टाकू नका.

## टप्पा ८: ताब्यात घेताना

दुकानातच, उजेडात:

- चारही कोपरे ४५ अंशांत जुळलेत का, फट तर नाही?
- काचेच्या आत केस, धुळीचा कण, बोटाचा ठसा? आत्ता उघडून साफ होतो, घरी नेल्यावर नाही.
- सही आणि क्रमांक माउंटखाली झाकले गेले नाहीत ना?
- मागचा टांगायचा हूक चित्राच्या वरच्या बाजूलाच आहे ना? "सर, उभं का आडवं?" हा प्रश्न कारागिरानं न विचारता काम केलं असेल तर हे आधी बघा.
- फ्रेम हलकेच हलवा. खडखड आली तर काच किंवा पाठ सैल आहे.

पार्सल आलं असेल तर खोका उघडण्याआधीपासून सलग व्हिडिओ काढा, लेबल दिसेल असा. उन्हाळ्यात दुपारी आलेलं पार्सल घरात दोन-तीन तास निवू द्या. तक्रारीची मुदत बहुतेक ठिकाणी माल पोचल्या दिवसापासून मोजतात, म्हणून खोका "रविवारी बघू" म्हणून ठेवू नका.

## टप्पा ९: टांगणं

मागे दोन्ही बाजूंना वरून एक तृतीयांश अंतरावर डी-रिंग (इंग्रजी D आकाराची कडी) आणि त्यांत वेढलेली तार. सुतळी नको. भिंतीत एका हुकापेक्षा दोन हूक, सहा-आठ इंच अंतरावर. फ्रेम तिरकी होत नाही. सहा मिमी ड्रिल, प्लास्टिकची गिट्टी, स्क्रू. मातीच्या भिंतीला लांब स्क्रू आणि सिमेंट भरून घेतलेलं भोक लागेल.

चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ५९ इंचांवर येतो असं धरतात. पण बैठकीत गादी-दिवाणावर बसायची रीत असेल तर चार-पाच इंच खाली घ्या. हुकाची उंची अशी काढा: मध्याची उंची, अधिक फ्रेमची निम्मी उंची, वजा ताणलेली तार आणि फ्रेमची वरची कड यांतलं अंतर. आपली आडवी फ्रेम २४.५ इंच उंच. तार कडेपासून ३ इंच खाली. ५८ + १२.२५ − ३ = ६७.२५ इंच. शोकेस किंवा सोफ्यावर लावताना मात्र फ्रेमची खालची कड आणि फर्निचर यांत सहा-आठ इंच राहतील असं बघा, मग मध्य कुठेही येवो.

खालच्या दोन कोपऱ्यांना मागे रबराचे किंवा फेल्टचे छोटे ठोकळे चिकटवा. भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळती राहते, चुन्यावर काळी रेघ उठत नाही.

पुसायला कोरडं मऊ कापड. काच पुसायचा फवारा थेट काचेवर मारू नका, थेंब कडेनं आत उतरतात. कापडावर मारून मग पुसा. ॲक्रिलिकला अमोनियावाला फवारा अजिबात नको. पावसाळा संपला की वर्षातून एकदा फ्रेम उतरवून पाठ तपासा: टेप सुटलाय का, कसरीची बारीक भोकं दिसतात का, तार गंजलीय का. बिल आणि मर्यादित आवृत्तीचं प्रमाणपत्र फ्रेमच्या मागे डकवू नका. कपाटात पाकिटात ठेवा आणि दोन्हींचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा.